कोरा जांघिया

महाराजांनी कुस्तीला हाताशी धरलं, तालमींना खुराक सुरू झाला, आणि कोल्हापुरात पेठेपेठेतली पोरं अंगाला माती लावून फिरू लागली. तेव्हापासून रशीद दर्जीच्या दुकानात उसंत अशी उरली नाही. धंद्याला बरकत होती, तरी रशीद सदा तापलेला असे. त्याला कारण होतं कापड.

जांघिया म्हणजे सदरा नव्हे. पैलवान तो लंगोटावर घट्ट चढवतो आणि समोरचा गडी नेमकी त्याच्याच कमरपट्टीत बोटं रोवून अंगाचा सगळा भार टाकतो. तिथं कापड दगा देऊन चालत नाही. रशीदचे वडील इमाम दर्जी कोष्ट्याच्या हातमागाचं जाड कापड घेत. ते म्हशीच्या कातड्यासारखं चिवट असे. पुढं विलायती मालापुढं माग बसले, कोष्टी बिऱ्हाड उचलून मुंबईच्या गिरणीत गेला आणि रशीदच्या नशिबी पेठेतला कापडवाला आला. तो मुंबईच्या दलालाकडून माल घेई, दलाल बंदरावरच्या आडत्याकडून. तिघांनी चाळून जे उरे ते रशीदच्या कात्रीखाली येई. कुठं धागे सुटलेले, कुठं उंदरानं चाखलेलं. बोललं, की कापडवाला लोडावरची पाठ न हलवता म्हणे, "आरं, चड्डीच शिवतोयस न्हवं? दरबारी अंगरखा तर न्हाय?"

एके दिवशी रशीदनं ते कापड त्याच्या बैठकीवर फेकलं.

"तुझ्या सात पिढ्यांत कुणी जांघिया घातला न्हाय, म्हणून तुला गंमत वाटती. आजपासनं मी इलायतेतनं मागवतो. थेट गिरणीतनं."

"मागव की. राणीला माझा रामराम सांग," कापडवाला म्हणाला, आणि दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली.

ते हसणं रशीदच्या डोक्यात गेलं. कापडवाल्याकडच्या ठाणावर गिरणीचा छाप असे: सोंड उचललेला हत्ती आणि खाली मँचेस्टरचा पत्ता. तो छाप सोलून घेऊन रशीद बाळासो कारकुनाकडे गेला. बाळासो इंग्रजी शिकलेला होता आणि ते त्याच्या चालण्यातूनही कळे. त्यानं पत्र लिहिलं. पावसाळा सरला, दिवाळी गेली, आणि रशीदनं आशा सोडल्यावर एक पुठ्ठ्याचं पुडकं आलं. आत नमुना होता, जाड ड्रिलचा. हातात धरला तर पापडासारखा ताठ उभा राही.

रशीद तो घेऊन तडक तालमीत गेला. सयाजी वस्ताद तिथं जोर काढणाऱ्या पोरांवर नजर ठेवून बसले होते. त्यांनी नमुन्याचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाची शीर फुगेपर्यंत ओढलं. मग त्यांचा लाडका पठ्ठा कृष्णात उठला. त्यानं एका बाजूनं आणि दुसऱ्या दोघांनी दुसऱ्या बाजूनं ओढून पाहिलं. तिघंही मातीत बसले, कापड जसंच्या तसं राहिलं.

"ह्यानं तर रथ वढावा," वस्ताद म्हणाले. "मागव रशीद. डोळं झाकून मागव."

नमुना पाण्यात मात्र कुणी घातला नाही. कुणी घालणारच नव्हतं. मोठ्या कुस्तीचा जांघिया कोरा लागे, हा त्या तालमीचा रिवाज. त्याला पहिलं पाणी लागायचं ते पैलवानाच्या घामाचं. आधी दुसरं पाणी लागलं तर पैलवानाची ताकद त्या पाण्याबरोबर वाहून जाते, असं सगळे मानत. कोष्ट्याचं कापड होतं तोवर या रिवाजानं कुणाचं बिघडलं नाही. तो सुताला नुसती पातळ कांजी लावी.

आणि त्या कोऱ्या जांघियाचा मान रशीदच्या घराचा होता. कुस्तीआधीच्या शनिवारी, तालमीतल्या मारुतीपुढच्या कट्ट्यावर, सगळ्यांच्या देखत दर्ज्यानं स्वतःच्या हातानं जांघिया ठेवायचा. वस्तादांनी त्याच्या हाती नारळ द्यायचा, डोक्याला फेटा बांधायचा आणि मग पैलवानाला हाक मारायची. याच तालमीत मोहरमला पंजाही बसे, त्यामुळं दर्जी कोण आणि देव कोणाचा, हा विचार कुणाच्या मनात येत नसे. रशीदच्या आजोबांपासून हे चालत आलं होतं. एरवी रशीद रस्त्यानं गेला तर कुणी मान वर करून बघत नसे. त्या शनिवारी सगळी पेठ बघे. वर्षभर मान मोडून टाके घालायचे ते त्या एका घटकेसाठी, असं तो बायकोला सांगे.

माल मिरजेवरून आगगाडीनं आला. रशीदनं तो स्वतः बैलगाडीत भरला, आणि गाडी वाकडी वाट करून कापडवाल्याच्या दुकानासमोरून नेली. तिथं येताच त्यानं गाडीवानाला सांगितलं, "जरा सावकाश. बैलं दमली असतील."

*

कुस्ती नदीकाठच्या मैदानात होती. मिरजेच्या एका नावाजलेल्या पैलवानाशी कृष्णातची जोड लागली होती. ऊन मी म्हणत होतं. दोघांची खडाखडी बराच वेळ चालली, कृष्णात घामानं निथळला, आणि मग मिरजेच्या गड्यानं मागून कब्जा घेऊन त्याच्या कमरपट्टीत हात घातला.

टर्रकन आवाज झाला. मैदानाच्या कडेला बसलेल्या रशीदला तो आपल्या छातीतून आल्यासारखा वाटला. जांघियाची अख्खी एक बाजू त्या गड्याच्या हातात आली. लोकांत हशा उसळला. कृष्णातचे दोन्ही हात नकळत स्वतःच्या कमरेकडे गेले, आणि तेवढ्यात मिरजेच्या पैलवानानं त्याला उचलून चीत केलं.

सयाजी वस्ताद हलगीवाल्यांना ढकलत रशीदपर्यंत आले.

"इलायतेची हाव सुटली तुला. माझ्या पोराची अब्रू घालवलीस चारचौघांत."

"वस्ताद, नमुना तुमीच वढून बघितला हुता."

"मी?"

"पायाखाली दाबून वढला. डोळं झाकून मागव म्हणालासा."

"मी कुठं वढला? कवा?" वस्तादांनी मागं वळून तालमीच्या पोरांना विचारलं, "काय रं, मी वढला?"

पोरं गप्प राहिली. रशीदनं कृष्णातकडे पाहिलं. कृष्णात कुणाचं तरी धोतर कमरेला गुंडाळून उभा होता. त्यानं तोंड फिरवलं आणि दंडावरची माती पुसत राहिला.

"तुझा मान गेला," वस्ताद म्हणाले. "गडहिंग्लजच्या जत्रंत परत हीच जोड हाय. जांघिया ज्ञानू शिंपी शिवंल, आनि मानबी त्येचाच."

रशीद फाटका जांघिया काखेत मारून घरी आला. बायको खैरुनबी परातीत भांडी घेऊन बसली होती. बातमी त्याच्या आधीच गल्लीत पोचली होती. त्यानं जांघिया उलटापालटा करून पाहिला. जिथं घाम मुरला होता तिथं कापड मऊ, लिबलिबीत झालेलं. खालचा काठ कोरडा राहिला होता, तो अजून पुठ्ठ्यासारखा होता. मग त्यानं ठाणातून हातभर तुकडा कापला आणि परातीतल्या पाण्यात बुडवून चोळला.

पाणी ताकासारखं पांढरं झालं. तळाला चिकट माती बसली. तुकडा वर काढून उजेडात धरला तर त्यातून चुलीचा जाळ दिसत होता.

"शाडू हाय," खैरुनबी बोटांनी चिमूट चोळत म्हणाली. "कुंभाराचा एक गणपती हुईल ह्यात."

"माती भरली हरामखोरांनी. मातीचं वजन केलं आनि कापड म्हणून धाडलं."

तो तसाच बाळासोकडे गेला. आता असं पत्र लिही की वाचणाऱ्याचा हात भाजला पाहिजे, म्हणाला. बाळासोनं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"रशीद, नमुन्यासारखाच माल आलाय ना?"

"व्हय."

"मग नमुन्यातही तीच माती होती. तू तो भिजवून बघितला नाहीस. ते म्हणतील, आम्ही दाखवलं तेच दिलं."

"तू कुणाच्या बाजूचा?"

"मी फक्त सांगतोय ते काय म्हणतील."

रशीदला बाळासोचा राग आला, गिरणीचा आला, वस्तादांचा आला. आणि घरी येता येता, नमुना हाती घेऊन नवरदेवासारखा तालमीत शिरणारा तो स्वतः आठवला, तेव्हा सगळ्यांत जास्त राग स्वतःचाच आला.

त्यानं सगळी ठाणं नदीवर नेली आणि दगडावर आपटून आपटून धुतली. घाटावरची माणसं थांबून बघत होती. माती गेल्यावर उरलं ते कापड विरळ होतं, पण सूत चांगलं होतं. तिहेरी घडी करून, बारीक टाक्यांच्या ओळी जवळजवळ घातल्या तर ते भिजलं तरी हलत नव्हतं. म्हणजे जांघिया होत होता. फक्त तो कोरा होत नव्हता.

*

गडहिंग्लजची जत्रा जवळ आली तसा रशीद न राहवून ज्ञानूच्या दुकानात गेला. ज्ञानू शिंपी भिडस्त माणूस. परक्याच्या ताटावर बसल्यासारखा तो जांघिया शिवत होता. रशीदनं त्याच्यापुढचं ठाण उलटून पाहिलं. सोंड उचललेला हत्ती.

"हे कुठनं आणलंस?"

"पेठेतनं. का हो?"

"भिजवून बघ."

"कोरा लागतोय, रशीदभाई."

"कोपरा भिजव. कोपऱ्यानं काय तालीम बुडत न्हाय."

"बुडंल न बुडंल. मी ह्याला पाणी लावलं असं कळलं, तर वस्ताद मला धुतील." ज्ञानूनं ठाण हळूच मागं ओढलं. "मी काय तुमचा मान मागाय गेलो न्हवतो. मला सांगितलं, मी शिवतोय."

घरी खैरुनबीनं ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "फाटू दे. गडहिंग्लजच्या सगळ्या बाजारात फाटू दे. मग कळंल, दोष तुमच्या सुईचा न्हवता."

रशीदला ते पटलं. दोन-तीन दिवस ते त्याला गुळासारखं गोड लागलं. आपण काहीच करायचं नाही. घरी बसायचं, आणि फाटल्याचा निरोप आला की वस्तादांच्या दारात जाऊन नुसतं उभं राहायचं. कृष्णातची दया यावी तर तीही येत नव्हती. पोरगा तोंड फिरवून माती पुसत होता, ते त्याला दिसत राही. पण शनिवार उजाडला, तालमीत घंटा वाजली, आणि आजोबांनी जिथं जांघिया ठेवला, वडिलांनी ठेवला, तिथं आता शाडूनं भरलेलं कापड ठेवलं जाणार, हे त्याच्या डोक्यात आलं. पायात वहाणा न घालता तो निघाला.

तालमीत दाटी होती. ज्ञानूनं खाली मान घालून जांघिया कट्ट्यावर ठेवला. वस्तादांनी नारळ उचलला. पोरांना वाटलं रशीद बघायला आलाय, म्हणून त्यांनी वाट दिली. दाराशी पाय धुण्यासाठी पाण्याची घागर असे. रशीदनं ती उचलली, पुढं गेला आणि सगळी घागर जांघियावर उपडी केली.

पोरं मागं सरली. मग वस्तादांनी त्याची गचांडी धरली.

"इटाळ केलास. पोराची ताकद घालवलीस."

"पाणी बघा," रशीद म्हणाला. "मला काय मारायचं ते मारा, पर आदी खाली बघा."

कट्ट्यावरून पांढरा ओघळ येत होता, दूध सांडावं तसा. कृष्णात पुढं आला. त्यानं जांघिया उचलून पिळला. बोटांतून शाडू गळला. मग त्यानं कमरपट्टी दोन्ही हातांत धरून ताणली, फार जोर न लावता, आणि ती फाटली.

वस्तादांची पकड सुटली. आता बोलतील, असं रशीदला वाटलं. ते बोलले, पण पोरांना. "काय बघताय? जोर मारा." आणि ते आतल्या खोलीत गेले.

संध्याकाळी ते रशीदच्या दुकानात आले. एकटेच आले आणि फळीवर न बसता उभे राहिले.

"तू शीव," ते म्हणाले. "तिहेरी शीव, काय करायचं ते कर. धू. पर धुतल्यावर भाताची पेज लावून ताठ करून आण. कोरा दिसला म्हंजे झालं. मान तुझा तुला. उद्याच परत बोलावतो सगळ्यास्नी."

रशीदच्या हातातली सुई थांबली. मान दारात चालून आला होता. फेटा, नारळ, पेठेच्या नजरा. एक वाटी पेज काय ती लागत होती.

"आनि नमुना?"

"कसला नमुना?"

"तुमी पायाखाली दाबला त्यो. मैदानात चारचौघांत माझं नाव घेतलंसा. तसंच चारचौघांत सांगा, नमुना मीबी वढला हुता, चूक माझीबी हाय. मग पेज लावायची का नको ते बघू."

"मी वस्ताद हाय, रशीद. माझ्या पोरांम्होरं मी असं बोललो तर उद्या पोरं माझं ऐकतील?"

"माझं माझ्या गल्लीत कोण ऐकत न्हाय आता."

वस्ताद आले तसे निघून गेले. खैरुनबी आतून म्हणाली, "एक वाटी पेजेसाठी मान घालवलासा." रशीदनं सुई पुन्हा कापडात घातली. तिच्या आवाजात राग होता की नव्हता, हे त्याला रात्रभर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कृष्णात आला.

"रशीदचाचा, मला द्या. धुतलेला द्या. मानबिन नको, हितंच द्या."

"तू का गप्प बसलास मैदानात?"

"वस्ताद हायत. त्यांनी खायला घातलंय मला."

"आनि मी?"

कृष्णातनं पायरीवरच्या धुळीत अंगठा फिरवला. एवढा रेड्यासारखा गडी, पण त्याला बोलताना धाप लागत होती.

"चूक झाली माझी."

"माझ्या दुकानात सांगून काय उपेग? हितं तू, मी आनि ही मुकी सुई. जांघिया देतो. पर गडहिंग्लजच्या मैदानात, पडलास तरी आनि पाडलंस तरी, उभं राहून मोठ्यांदी सांगायचं. कबूल?"

"कबूल."

"न्हाय सांगितलंस तर परत ही पायरी चढू नको."

*

गडहिंग्लजला माणूस मावत नव्हतं. रशीद भल्या पहाटेच गाडीत बसून निघाला होता. तो कुस्तीच्या हौद्यापासून लांब, उसाच्या गाड्यांपाशी उभा राहिला, कारण कोल्हापूरची मंडळी पुढं बसली होती आणि त्यांच्यात जायची त्याची इच्छा नव्हती.

धुतलेल्या, मऊ पडलेल्या जांघियात कृष्णात आत आला तेव्हा तालमीच्या लोकांत कुजबुज झाली. वस्ताद समोर बघत बसले. कुस्ती लागली. मिरजेच्या गड्यानं पहिल्यापासून कमरपट्टीच धरली. त्याला मागची आठवण होती. तो धरी, झटके देई, पुन्हा धरी. कृष्णात घामानं भिजला, जांघिया भिजून काळा पडला. टाका उसवला नाही. आणि मग त्या गड्यानं तीच न फाटणारी कमरपट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरली, कृष्णातला मुळासकट उपटल्यासारखा उचलला आणि पाठीवर आपटला.

कुस्ती संपली. मिरजकरांनी आपल्या पैलवानाला खांद्यावर घेतलं. वस्ताद उठून उभे राहिले आणि आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "धुतलेला जांघिया. आणखी काय हुणार?"

रशीद तिथंच उसाच्या गाडीला पाठ टेकून उभा राहिला. म्हणजे हेही आपल्याच माथी. पडलेला गडी आता काय बोलणार? त्याच्या जागी आपण असतो तर बोललो असतो का, हेही त्याला धड सांगता येईना.

कृष्णात उठला. पाठीला माती तशीच. तो बाहेर गेला नाही. हौद्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं हात वर केला.

"कापड शाबूत हाय," तो म्हणाला. "त्यानं उचललं तवा मनात आलं, आता फाटंल तर वाचतो. फाटलं न्हाय. पडलो त्यो मी. आनि पैल्या कापडाचा नमुना वस्तादांनी पायाखाली घिऊन वढला हुता, मीबी वढला हुता, आमीच मागव म्हणून सांगितलं. रशीदचाचाचा एकट्याचा..."

पुढचं ऐकू आलं नाही. पुढच्या जोडीची हलगी सुरू झाली होती. निम्म्या लोकांनी ऐकलंच नव्हतं. उरलेले नव्या पैलवानांकडे वळले होते. वस्ताद खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरचा पटका सोडून पुन्हा बांधायला घेतला.

रशीद गर्दीत घुसला. आयुष्यात कधी कुणाला धक्का न मारलेला तो किडकिडा माणूस कोपरं मारत, पायांवर पाय देत, शिव्या खात पुढं गेला. हलगीवाल्याजवळ पोचताच त्यानं त्याच्या हातातली काडी धरली.

"थांब."

"आरं पावणं, जोडी लागलीया..."

"लागू दे. थांब म्हणतो न्हवं."

हलगी थांबली. सगळ्यांनी माना वळवल्या. रशीदला एवढ्या माणसांत बोलायची सवय नव्हती. तरी त्यानं हलगीवाल्याची काडी सोडली नाही.

"कृष्णात," तो म्हणाला, "परत म्हण. पैल्यापासनं."

आणि कृष्णातनं पुन्हा हात वर केला.